गाडीखालचा काळा डाग

नवरात्राच्या आधी घर आवरायला काढलं, की माळ्यापासून न्हाणीपर्यंत सगळं घासून होतं आणि सगळ्यात शेवटी लक्ष जातं ते गेटच्या आतल्या जागेकडे. कुणी तिला पोर्च म्हणतं, कुणी अंगण, तर आमच्या शेजारच्या अज्जी ‘अंगळा’ म्हणतात. तिथं गाडी उभी असते. गाडी हलली की तिच्या पोटाखाली ताटाएवढा काळा, चकचकीत डाग दिसतो. पाणी मारा, घासा, खराटा झिजवा, तो तिथंच. गेल्या दोन महिन्यांत या डागाबद्दल मंडळातल्या चार घरांतून मला विचारणा झाली, दोन हुबळीची आणि दोन धारवाडची. म्हणून या वेळी आपल्या सदरात हाच विषय.

मी बी.ई. झाले ती कॉम्प्युटरमध्ये. सिमेंट आणि तेल हे काही माझ्या अभ्यासाचे विषय नव्हेत. पण दिवसभर सॉफ्टवेअरमधले दोष शोधणाऱ्या माणसाला एक सवय लागते. जे दिसतंय ते पुसायच्या आधी ते कुठून येतंय ते बघायचं. डागाच्या बाबतीत हीच सवय कामाला आली.

डाग आत कसा जातो

काँक्रीट घालताना सिमेंटला लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच पाणी घालतात, नाहीतर माल नीट पसरत नाही. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं राहतं. समईची वात जशी तेल ओढून घेते, तशा या नळ्या वर पडलेला थेंब आत ओढतात. एकदा नळ्यांत तेल भरलं की पाण्याला आत शिरता येत नाही. म्हणूनच नुसत्या पाण्यानं कितीही धुतलं तरी आपण फक्त वरची धूळ धूत असतो. काळा रंग येतो तो इंजिनातल्या काजळीचा. काजळी इंजिनात साचू नये, तेलातच तरंगत राहावी अशी सोय इंजिन ऑइलमध्ये मुद्दाम केलेली असते. तीच काजळी तेलाबरोबर आपल्या फरशीत उतरते.

फरशी कुठली आहे यावरही बरंच अवलंबून असतं. आपल्याकडे शहाबादी फार. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड. कडप्पाही त्याच जातीचा, फक्त काळा. हे दगड काँक्रीटपेक्षा घट्ट असतात, त्यामुळे तेल फार खोल जात नाही, पण दोन फरश्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यांत मात्र मुरतं. जांभ्याच्या दगडाला उघड्या डोळ्यांनी दिसतील अशी छिद्रं असतात, तिथं तेल गेलं की पूर्ण बाहेर येणं कठीण. ज्यांच्याकडे इंटरलॉकिंगचे ब्लॉक आहेत ते सगळ्यात नशीबवान. हे ब्लॉक वाळूवर नुसते बसवलेले असतात. डागाळलेले चार ब्लॉक उचलायचे आणि कुंडीखालच्या कोपऱ्यातले चार तिथं बसवायचे, काम झालं. ब्लॉकचा रंग आरपार असेल तर उलटा करूनही बसतो.

दोन तेलं, दोन स्वभाव

आपल्याकडे दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांची कढई पुष्कळदा बाहेर पोर्चमध्ये मांडतात. तिथं सांडलेलं शेंगतेल किंवा करडईचं तेल आणि गाडीचं ऑइल, दोन्ही डाग सारखेच दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा.

खायच्या तेलाला धुण्याच्या सोड्यासारखा क्षार भेटला की त्यातल्या काही भागाचा साबण होतो, आणि साबण पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या आज्या तुपातेलाची भांडी राखेनं घासायच्या त्यामागं हेच होतं, राखेतही क्षार असतो. म्हणून फराळाच्या तेलाचा डाग असेल तर एक मग गरम पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून डागावर ओतावा, वीस मिनिटं थांबावं आणि ब्रशनं घासावं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. सोडा हाताला झोंबतो, तेव्हा रबरी मोजे घालावेत.

इंजिन ऑइल जमिनीतून निघालेल्या खनिज तेलापासून बनतं. सोड्यानं त्याचा साबण होत नाही. सोड्याचं गरम पाणी ओतून अर्धा दिवस झाला तरी डाग तसाच, अशी तक्रार करणाऱ्यांचं कोडं इथं सुटतं. या तेलाला दोनच गोष्टी हलवतात. एक म्हणजे भांडी धुण्याचं लिक्विड. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. दुसरी म्हणजे तेल ओढून घेणारी कोरडी, बारीक पूड. पुढची सगळी कृती या दोन गोष्टींचीच आहे.

आधी गळती शोधा

गळती चालू असताना डाग काढणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर होतो. दर दहा मिनिटांना एक थेंब पडला तर दिवसाला सात मिलिलीटर, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. डाग तर वाढतोच, शिवाय इंजिनातलं तेल कमी होतं, ते वेगळंच.

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुने पेपर पसरा आणि सकाळी बघा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी पाणी कूलंटचं. ते चवीला गोडसर पण विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून लगेच पुसा. तपकिरी-काळं, बोटाला चिकट ते इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, तेलकट काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आमच्या घरी ही पेपरची तपासणी कुणी न सांगता सात महिने चालली होती. ती गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे.

बाबांची गाडी सतरा वर्षांची. चिगरी बस सुरू झाल्यापासून हुबळीला जायला-यायला कुणी गाडी काढत नाही, त्यामुळे ती बहुतेक वेळ उभीच. गाडीचा डाग गेटकडे पसरत होता आणि आईची रांगोळी उंबऱ्याकडे सरकत होती. जुलैत भुरभुर पाऊस असताना आई सडा घालायला गेली आणि त्या तेलकट ओल्यावर पाय घसरला. गेटची कडी हातात आली म्हणून निभावलं, पण मनगट तीन आठवडे बांधून होतं. माझ्या भावानं फोनवर स्पष्ट सांगितलं, बाबा त्र्याहत्तर वर्षांचे झाले, गाडी जुनी झाली, आता विकून टाका. बाबा काही बोलले नाहीत. ‘डाग कसला, सावली आहे ती,’ असं मात्र दोनदा म्हणाले.

ऑगस्टमध्ये जिन्याखालची खोली आवरताना मला कोपऱ्यात पेपरांचा एक गठ्ठा सापडला. नीट घड्या घातलेले, प्रत्येकाच्या मध्यावर तेलाचे डाग. सगळ्यात खालचा फेब्रुवारीचा, वरचा आदल्या आठवड्यातला. बाबा रोज रात्री गाडीखाली पेपर घालत होते आणि आम्ही उठायच्या आधी काढून ठेवत होते. फेब्रुवारीतले डाग रुपयाच्या नाण्याएवढे होते, ऑगस्टमधले बशीएवढे. आमच्या कामात यंत्र स्वतःच स्वतःची जी नोंदवही लिहीत असतं तिला लॉग म्हणतात. बाबांनी तारीखवार लॉग ठेवला होता.

मी विचारलं तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, ‘अगं, गळतंय म्हटलं की तुम्ही गाडी विकायला काढणार. रात्री-बेरात्री तुझ्या आईला काही झालं तर मी तिला न्यायची कशानं?’

आई आतूनच म्हणाली, ‘मला ठाऊक होतं हो. रद्दीचं वजन कमी भरायला लागलं तेव्हाच कळलं मला.’

त्या गठ्ठ्यातून एक गोष्ट ध्यानात आली. मे महिन्यात आम्ही सगळे लग्नासाठी अकरा दिवस सांगलीला होतो. निघायच्या आदल्या दिवशीचा पेपर अकरा दिवस गाडीखाली होता, तरी त्यावर पाच-सहाच थेंब. म्हणजे गाडी नुसती उभी असताना गळत नव्हती. ती चालवून आणल्यावर, इंजिन तापून तेल पातळ झालं की तेवढ्यापुरतंच टपकत होतं. खालच्या चेंबरचा नट गळत असता, तर अकरा दिवसांत मोठं थारोळं झालं असतं. दोष वरच्या बाजूला असणार. ते पेपर घेऊनच मी मेकॅनिककडे गेले. त्यानं बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या कडेनं बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, ‘एन आगिल्ल्री मेडम, बरे पॅकिंग्री.’ काही झालेलं नाही, नुसतं पॅकिंग आहे. रबर उन्हातान्हानं कडक होऊन चिरलं होतं. हजार रुपयांच्या आत काम झालं.

गाडी विकली नाही. पण बाबांनीही एक गोष्ट मान्य केली. अंधार पडल्यावर बायपासला गाडी घालायची नाही, आणि रात्रीच्या वेळेसाठी १०८ बरोबर गल्लीतल्या रिक्षावाल्याचा नंबरही फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावायचा. घरात म्हातारी माणसं असतील तर गाडीखालचा डाग फक्त शोभेचा प्रश्न नसतो. ओल्या फरशीवरचं तेल म्हणजे हाड मोडायची सोय. म्हणून हे काम दिवाळीची वाट न बघता करावं.

ताजं तेल असेल तर

ताजं तेल घासायचं नाही आणि त्यावर पाणी ओतायचं नाही. दोन्हींनी ते पसरतं. त्यावर कोरडा भुसा, मुलतानी माती, चुलीची चाळलेली राख किंवा कोरडं सिमेंट जाडसर पसरा. गॅरेजवाले भुसाच वापरतात, लाकडाच्या वखारीत तो सहज मिळतो. सिमेंट वापरलं तर नाका-तोंडाला फडकं बांधा आणि त्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका, नाहीतर डागावर नवा गिलावा तयार होईल. पूड चपलेच्या तळव्यानं दाबून चार-पाच तास तशीच ठेवा. मग बाहेरून आत अशा दिशेनं झाडून गोळा करा आणि पुन्हा एकदा नवी पूड घाला.

दुसऱ्या वेळची पूड काढल्यावर भांडी धुण्याचं लिक्विड पाणी न घालता तसंच डागावर ओता आणि ताठ नायलॉनच्या ब्रशनं चोळा. तारेचा ब्रश नको, त्याच्या तुटलेल्या काड्या फरशीत अडकून गंजतात आणि काळ्या डागाशेजारी तांबडा डाग उगवतो. पंधरा-वीस मिनिटांनी तांब्याभर गरम पाणी घालून पुन्हा घासा, आणि तो काळा फेस जुन्या कापडानं टिपून घ्या. बादलीनं ढकलून देऊ नका. कारण पुढे येतं.

जुन्या डागाला लेप

महिनोन् महिने मुरलेलं तेल वरून घासून निघत नाही, ते बाहेर ओढावं लागतं. त्यासाठी मुलतानी मातीसारखी दुसरी स्वस्त वस्तू नाही. हिचं इंग्रजी नावच मुळी लोकर धुणाऱ्या कारागिरांवरून पडलं आहे. मेंढीच्या लोकरीतलं तेल काढायला युरोपात शतकानुशतकं हीच माती वापरत. आपण चेहऱ्याला लावतो तेही चेहऱ्याचं तेल ओढण्यासाठीच.

एक वाटी मुलतानी माती, दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड आणि लागेल तसं गरम पाणी घेऊन थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट कालवा. डाग आधी वरच्यावर घासून, टिपून, ओलसर असू द्या. त्यावर हा लेप पाव इंच जाडीचा थापा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असा. वर दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून पसरा आणि कडांवर विटा ठेवा. एक दिवस झाकून ठेवायचं. या वेळात लिक्विड आत उतरून तेलाला सुटं करतं. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना लेपातल्या बारीक छिद्रांत ओल वर ओढली जाते आणि सुटलेलं तेलही तिच्याबरोबर वर येतं. वाळलेला लेप पत्र्याच्या पट्टीनं खरवडला की त्याची खालची बाजू काळपट दिसते. तो काळा रंग म्हणजे तुमच्या फरशीतून निघालेलं तेल.

एका लेपात काम होत नाही. दोन, तीन, कधी चार लेप लागतात. प्रत्येक वेळी लेप आधीच्यापेक्षा कमी काळा निघाला तर प्रगती आहे असं समजा. फारच हट्टी डाग असेल तर लिक्विड आणि पाण्याऐवजी रंगवाल्याकडचं टर्पेंटाइन घालूनही लेप करता येतो. पण ते भडकतं. जवळ दिवा, उदबत्ती, गॅस, सिगारेट काही नको, आणि दारं-खिडक्या बंद असलेल्या गॅरेजात हा प्रयोग करूच नये.

हे करू नका

संडास धुण्याचं ॲसिड डागावर ओतायची कल्पना पुष्कळांना सुचते, कारण ओतल्याबरोबर फसफस होतं आणि काहीतरी घडतंय असं वाटतं. घडतं ते एवढंच की शहाबादीतली चुनखडी आणि काँक्रीटमधलं सिमेंट विरघळतं. तेलावर ॲसिडचा काही परिणाम होत नाही. डाग राहतो, फरशी खडबडीत होते आणि पुढचं तेल आणखी खोल जातं. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकणं तर जिवावरचं काम, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

रॉकेल-पेट्रोलनं पुसलं की डाग फिकट झाल्यासारखा दिसतो. खरं तर तेल पातळ होऊन आणखी खाली उतरलेलं असतं, आणि वर आगीची भीती.

परदेशी व्हिडिओंत दिसतं तसं जोराच्या फवाऱ्याचं यंत्र आणून धुवावं का, असं एका काकांनी विचारलं. घरगुती यंत्रही मिनिटाला साधारण सहा-सात लिटर पाणी खातं. आपल्या जुळ्या शहरात काही वॉर्डांना चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग २००८ मध्ये सुरू झाला, पण पाच-सहा दिवसांआड येणाऱ्या पाण्याची सवय असलेली घरं आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. सौंदत्तीहून मलप्रभेचं पाणी उपसून इथवर आणायचं आणि ते तेलाबरोबर गटारात सोडायचं, हे काही पटत नाही. लेपाला सगळं मिळून दोन तांबे पाणी पुरतं.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक ओळ. तिकडे घरापुढचा रस्ता काही ठिकाणी काँक्रीटचा असतो, काही ठिकाणी डांबराचा. डांबरही खनिज तेलातूनच येतं. त्यावर टर्पेंटाइन किंवा पेट्रोल लावलं तर डागाबरोबर रस्ताच विरघळतो. तिथं फक्त कोरडी माती आणि लिक्विड. मांजरांच्या शौचासाठी तिकडे विकतात ती मातीची खडी या कामाला चांगली.

तेल खाणारे जंतू घातलेली क्लीनरही बाजारात मिळतात. ही कल्पना जुनी आणि तिच्यात आपला माणूस आहे. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञानं अमेरिकेत खनिज तेल पचवणारा जंतू घडवला आणि त्याचं पेटंट मागितलं. सजीवाचं पेटंट मिळू शकतं का, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये पाचविरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूनं लागला. जंतू काम करतात, पण सावकाश, आणि त्यांना ओल लागते. एका रात्रीत डाग गायब असं डब्यावर लिहिलं असेल तर तो डबा दुकानातच ठेवावा.

धुतलेलं तेल जातं कुठं

फेस बादलीनं ढकलू नका असं वर म्हटलं, त्याचं कारण आता. फरशीवरून गेलेलं तेल नाहीसं झालेलं नसतं, ते गेटबाहेरच्या गटारात असतं.

बेंजामिन फ्रँकलिननं लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतून बघितलं होतं. त्यानं १७७४ मध्ये छापून लिहिलं की ते तेल पसरत जाऊन सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे! पाण्यावर तेलाचा थर किती पातळ होऊ शकतो याचा हा हिशोब आहे. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी पापुद्रे दिसतात, ते असेच थोड्याशा तेलाचे. शिवाय जुन्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळक्या तेलातली घातक रसायनं असतात.

आपलं गाव पाण्याच्या दृष्टीनं मोठ्या मजेशीर जागी वसलं आहे. धारवाडच्या सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते. तिचं पाणी बेडतीला मिळतं आणि गंगावळी होऊन अंकोला-गोकर्णाच्या बाजूला अरबी समुद्रात जातं. पूर्वेच्या उताराचं पाणी तुप्परीहळ्ळ आणि बेण्णीहळ्ळ या ओढ्यांतून मलप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. एकाच शहरातलं पाणी दोन समुद्रांना जातं. कन्नडात तुप्प म्हणजे तूप आणि बेण्णी म्हणजे लोणी. तुपा-लोण्याची नावं घेतलेल्या ओढ्यांत आपण इंजिन ऑइल सोडावं, हे काही बरं नाही. खालच्या गावांची गुरं त्याच पाण्यावर जातात.

म्हणून तेल प्यालेला भुसा, वाळलेला लेप आणि फेस टिपलेली कापडं जाड पिशवीत बांधून ठेवा. रंगाचे डबे, औषधं असला घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा असतो, त्यात ही पिशवी घाला. तोपर्यंत ती आगीपासून दूर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असू द्या. गाडीचं ऑइल घरी बदलत असाल तर काढलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला परत द्या. वापरलेलं तेल पुन्हा शुद्ध करून वापरता येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून शुद्धीकरणाला लावण्याची जबाबदारी कायद्यानं ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना जुनं ऑइल चोपडायची पद्धत आपल्याकडे आहे. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तीही सोडलेली बरी.

किती अपेक्षा ठेवावी

चारही घरांना मी एकच सांगितलं. ताजा डाग पूर्ण जातो. सहा महिन्यांचा डाग दोन-तीन लेपांत इतका फिकट होतो की पाहुण्यांना दाखवल्याशिवाय दिसत नाही. दहा वर्षांच्या डागाची सावली राहतेच. तिच्याशी भांडत फरशी खराब करण्यापेक्षा तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवावी.

वेळेचा हिशोब असा. एका लेपाला झाकून एक दिवस आणि वाळायला एक दिवस, म्हणजे तीन लेपांना साधारण आठवडा. घटस्थापनेपर्यंत जागा स्वच्छ हवी असेल तर पितृपक्षातच सुरुवात करा आणि पाऊस नसलेले दिवस निवडा. पण त्याआधी, आज रात्रीच, गाडीखाली पेपर घाला आणि त्यावर तारीख लिहा. सकाळी तो टाकून देऊ नका. मेकॅनिकला दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

पुढच्या महिन्यात बोअरच्या जड पाण्यानं गीझर आणि नळांवर चढणाऱ्या पांढऱ्या थराबद्दल लिहिणार आहे. कुणाच्या घरी त्यावर जुना, हमखास उपाय असेल तर जरूर कळवा.